मंदावलेली वाहतूक आणि तिच्या कारणाचा शोध

व्यवहारांत असें पुष्कळ वेळां दिसतें कीं, घरांत एखादी नवी गोष्ट आली आणि त्याच सुमारास कांहीं बिघडलें, तर दोष त्या नव्या गोष्टीच्याच माथीं मारला जातो. हा न्याय माणसांना लावूं नये हें आपण जाणतों. परंतु यंत्रांनाही तो लावूं नये, हें शिकविणारा एक प्रसंग गेल्या वर्षीं कुंडल येथें आमच्या पाहण्यांत आला. विद्यार्थ्यांना तो बोधप्रद होईल असें वाटल्यावरून येथें देत आहों.

प्रतिसरकारच्या चळवळीमुळें कुंडलचें नांव महाराष्ट्रांत सर्वतोमुखीं झालें आहे. तेथील आमच्या एका माजी विद्यार्थ्यानें गांवांतील वृद्ध स्त्रीपुरुषांच्या आठवणी मोठ्या कष्टानें ध्वनिमुद्रित करून ठेविल्या होत्या. त्यांपैकीं कित्येक आज हयात नाहींत. हा सुमारें ४० गिगाबाईटांचा ठेवा एका जुन्या संगणकावर होता आणि त्याची तबकडी कुरकुरूं लागली होती. म्हणून त्यानें घरांतील दुसऱ्या संगणकावर ‘लिनक्स’ ही प्रणाली व फाइलींची देवघेव करणारी ‘सांबा’ ही आज्ञावली बसविली. लिनक्स ही १९९१ सालीं जन्मली. १९६९ सालीं बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं सुरू केलेल्या युनिक्सच्याच धर्तीची ती आहे.

परंतु ध्वनिफिती इकडून तिकडे नेऊं लागतांच वेग सेकंदास अवघा २०० किलोबाईट पडूं लागला. त्या हिशेबानें सर्व काम पुरें होण्यास साडेपंचावन्न तास लागले असते. आजारी तबकडी तितका वेळ तग धरील याचा भरंवसा कोणी द्यावा? आम्ही गेलों तेव्हां त्याचे वडील म्हणाले, “मास्तर, तुम्हीच ह्याला सांगा. चाललं होतं ते ह्यानं बदललं. पहिलं होतं तेच परत बसव म्हणावं.” मुलगा खालीं मान घालून बसला होता.

निदान करण्यापूर्वीं ही वाहतूक चालते कशी, तें पाहूं. मोठी फाइल एकदम जात नाहीं. तिचीं लहान लहान पुडकीं करून त्यांवर क्रमांक घालतात. घेणारा पोंचपावती धाडतो. पावती न आली तर पाठविणारा तेंच पुडकें पुन्हां पाठवितो.

याच व्यवस्थेवर १९८६ च्या ऑक्टोबरांत अमेरिकेंत एक संकट ओढवलें. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा व तेथील विद्यापीठ यांत अंतर अवघें ४०० यार्ड. परंतु त्यांमधील वेग सेकंदास ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर आला! व्हॅन जेकबसन यांनीं शोध केला तेव्हां आढळलें कीं, वाटेंत गर्दी झाल्यावर पाठविणारे संगणक थांबण्याऐवजीं तींच पुडकीं पुन्हां पुन्हां ढकलीत होते व गर्दींत भर घालीत होते. त्यांनीं १९८८ सालीं उपाय प्रसिद्ध केला: पुडकें हरवलें कीं वाट भरली असें समजून पाठविणाऱ्यानें हात आंखडावा, आणि मग हळूहळू वेग वाढवावा. त्या वेळीं दोष आज्ञावलींतच होता. मग आमच्या विद्यार्थ्याचा दोष तसाच असेल काय? तर्कानें उत्तर मिळेना, म्हणून परीक्षेस आरंभ केला.

पहिला प्रश्न हा कीं, विलंब आरंभीं होतो कीं सर्व वेळ? आरंभीं खोळंबून मग काम वेगानें चालत असेल, तर संगणकाच्या नांवाचा पत्ता शोधण्यांत घोळ असण्याचा संभव असतो. येथें आरंभ तात्काळ होई. पुढील चाल मात्र अखेरपर्यंत संथ राही.

दुसरी परीक्षा तबकडीची. जाळ्याचा संबंध न ठेवतां नव्या संगणकावर एक मोठी फाइल लिहून पाहिली; ती झपाट्यानें लिहिली गेली. जुन्या तबकडीवरील एक फितही तेथल्या तेथें भराभर वाचतां आली. तबकड्या निर्दोष ठरल्या.

तिसरी परीक्षा ‘पिंग’ची. हें चिमुकलें साधन माइक मूस यांनीं १९८३ सालीं रचिलें. तें एक लहान हांक घालतें व ओ येण्यास किती वेळ लागला तें सांगतें. प्रत्येक हांकेस सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आंत ओ मिळाली. तार तुटलेली नव्हती.

चौथ्या परीक्षेंत सांबा बाजूस ठेवून दुसऱ्याच आज्ञावलीनें एक फित नेऊन पाहिली. तीही तितकीच संथ! येथें सांबावरील आरोप सुटला.

शेवटीं जाळ्याच्या कार्डाची नोंदवही उघडली. ‘नेटस्टॅट’ या आज्ञेनें पाहतां टकरांचा आंकडा सारखा वाढत होता. आणि ‘ईथटूल’नें दाखविलें कीं, कार्ड एकेरी रीतीनें चाललें आहे, म्हणजे एका वेळीं बोलणें अथवा ऐकणें, यांतील एकच. संगणक ज्या जुन्या स्विचास जोडला होता, त्याचें तें दार मात्र कोणीं तरी पूर्वीं हातानें कायमचें दुहेरी करून ठेविलें होतें.

गळिताच्या हंगामांत ऊंसाच्या गाड्या कारखान्याकडे निघाल्या आहेत व वाटेंत एक पूल आहे, असें समजा. अलीकडचा पहारेकरी पूल दुहेरी समजून गाड्या बेधडक सोडतो. पलीकडचा तो एकेरी समजतो व समोरून गाडी दिसतांच आपली मागें घेतो. एकटी गाडी सुखरूप जाते, म्हणूनच पिंगला ओ मिळे. पण गाड्यांची रांग लागली कीं टकरी होतात. पुडकीं हरवत, आणि प्रत्येक हरवलेल्या पुडक्यासरशीं पाठविणारा जेकबसन यांच्या नियमास अनुसरून हात आंखडी.

मग पूर्वीं हें कां घडलें नाहीं? जुन्या प्रणालींत कार्डही हातानेंच दुहेरी केलेलें होतें. नवी प्रणाली आपणहून स्विचाशीं बोलणी करूं पाहते. उत्तर न मिळाल्यास ती नियमाप्रमाणें एकेरी रीत धरते. अर्थात् नवी प्रणाली निमित्त खरी, पण कारण नव्हे; आणि वडिलांचें म्हणणेंही अगदींच निराधार नव्हतें. स्विचाचें दार आपोआप बोलणी करील असें केलें, आणि वेग सेकंदास ११ मेगाबाईटांवर गेला. सेकंदास १०० मेगाबिटांच्या तारेवर याहून फारसें अधिक मिळत नाहीं, कारण ८ बिटांचा एक बाईट होतो.

अकरा वाजतां सुरू केलेलें काम बारा वाजून गेल्यावर संपलें. खात्रीसाठीं एक फित लावली, तों तींत त्या मुलाच्या दिवंगत आजीचा आवाज निघाला. वडील कांहीं वेळ कांहींच बोलले नाहींत, मग मुलास म्हणाले, “ह्याची अजून एक प्रत काढून ठेव.”

विद्यार्थी मित्रहो, बिघाड झाला असतां शेवटीं ज्यानें हात लावला त्यास अपराधी ठरवूं नका. एका वेळीं एकच गोष्ट तपासा, आढळलेला आंकडा लिहून ठेवा आणि एकाच वेळीं दोन फेरफार करूं नका. थोमा या शिष्यानें जखमा पाहिल्यावांचून विश्वास ठेवण्याचें नाकारलें; श्रद्धेच्या प्रांतांत त्याबद्दल त्यास सौम्य बोल ऐकावा लागला, परंतु यंत्रांच्या प्रांतांत त्याचाच कित्ता गिरविणें इष्ट होय. आणि पालकांस आमची विनंति एवढीच कीं, मुलानें कांहीं नवें करून पाहिलें व तें अडलें, तर त्यास तें मागें घ्यावयास लावण्यापूर्वीं शोध करण्यास एक दिवस तरी द्यावा.