एका पडद्यावरची चार मेजे

गेल्या वर्षी लघुप्रबंधाचे दुसरे प्रकरण घेऊन मी मार्गदर्शक बाईंकडे गेलो. विषय आपल्या नाशिकचाच, काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह. २ मार्च १९३० रोजी सुरू झालेल्या या लढ्याची पार्श्वभूमी मी त्या प्रकरणात मांडली होती, आणि ते बरे जमले आहे असा माझा समज होता. बाईंनी दोन पाने वाचली, तिसऱ्यावर थांबल्या आणि विचारले, "हा परिच्छेद कोणाचा रे?" मी म्हणालो, "माझाच, बाई." त्या काही बोलल्या नाहीत. कपाटातून एक पुस्तक काढले, पान उघडले आणि माझ्यापुढे ठेवले. तोच परिच्छेद, शब्दन्‌शब्द.

मी चोरी केली नव्हती. पण कागदावर जे उतरले होते ते चोरीहून निराळे दिसत नव्हते. खोलीवर येऊन शोध घेतला तेव्हा उलगडा झाला. पुस्तकाची प्रत संगणकावर उघडी होती, टिपणांची फाइल उघडी होती आणि प्रकरणाचा मसुदाही. टिपणांत टाकायचा उतारा रात्री दीडच्या सुमारास मसुद्यात पडला. दोन्ही खिडक्या सारख्याच पांढऱ्या, अक्षरेही सारखीच. आठवड्याने पुन्हा वाचताना तो उतारा मला माझाच वाटला, आणि मी त्यातले एक क्रियापदही बदलले नाही.

त्या रात्री माझ्या चौदा इंची पडद्यावर काय काय होते, याची यादी मी नंतर आठवून केली. वरील तीन खिडक्या होत्याच. शिवाय शासनाने १९७९ पासून प्रकाशित केलेल्या डॉ. आंबेडकरांच्या लेखन-भाषणांच्या खंडांपैकी दोन, शिष्यवृत्तीचा अर्ज, व्हॉट्सॲप, गाणी, आणि निफाड तालुक्यातल्या मामांच्या द्राक्षबागेच्या फवारणीचा तक्ता. (परदेशी जाणाऱ्या द्राक्षांसाठी कोणते औषध कोणत्या दिवशी किती फवारले याची नोंद लागते. मामा ती फोनवर सांगतात आणि मी भरतो. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर हे काम रोजचेच.) एवढ्या गर्दीत हात चुकला नसता तरच नवल.

या गर्दीवर जो उपाय मला सापडला त्याचे नाव व्हर्च्युअल डेस्कटॉप. पडदा एकच, पण त्यावर वेगवेगळी मेजे मांडता येतात. एका वेळी एकच मेज दिसते. बाकीची जशी मांडली तशीच पडद्याआड राहतात आणि दोन कळा दाबताच समोर येतात. आपल्या वर्गातील बहुतेकांच्या संगणकात ही सोय आहे, पण ती वापरणारे मला फारसे भेटले नाहीत.

कल्पना जुनी आहे. १९८६ साली अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रातून ऑस्टिन हेंडरसन व स्टुअर्ट कार्ड या दोघांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यांनी घडवलेल्या प्रणालीचे नाव होते 'रूम्स', म्हणजे खोल्या. त्या निबंधात एक गमतीचा हिशेब आहे: कचेरीतल्या साध्या मेजाच्या क्षेत्रफळात त्या वेळच्या आयबीएम पीसीचे २२ पडदे मावतात. संगणकाच्या पडद्याला मेजाची उपमा आपण देतो खरी, पण ते मेज कसले, पाट म्हणावा एवढीच ती जागा. तिच्यावर कागद पसरले की ते एकमेकांवर चढणारच.

याहून महत्त्वाचे असे की, या दोघांनी आपला युक्तिवाद संगणकाच्या स्मृतीविषयीच्या एका विचारावरून घेतला. पीटर डेनिंग यांनी १९६८ साली दाखवून दिले होते की, कोणताही कार्यक्रम चालताना त्याला एका काळात सगळी माहिती लागत नाही, ठरावीक पानांचा एक संचच वारंवार लागतो. तेवढा संच जलद स्मृतीत मावला की काम सुरळीत चालते. मावला नाही तर यंत्र पाने आत-बाहेर करण्यातच दमते आणि मूळ काम तसेच पडून राहते. हेंडरसन व कार्ड म्हणतात की, पडद्यासमोर बसलेल्या माणसाचेही असेच होते. एका कामाला चार-पाच खिडक्या लागतात. त्या एकत्र दिसल्या नाहीत तर माणूस खिडक्या हलवण्यातच वेळ घालवतो. दीड वाजता माझे जे झाले ते हेच. मी लिहीत नव्हतो, खिडक्या उपसत होतो.

त्यांच्या खोल्यांची रचना वाचताना मला जुन्या नाशकातला एखादा वाडा आठवला. ओसरीवर आल्यागेल्याची बैठक, माजघरात घरच्यांचा वावर, कोठीत धान्य. ओसरीवरचा माणूस कोठीत शिरत नाही. 'रूम्स'मध्ये एका खोलीतून दुसरीत जायला दारे होती आणि आलो त्या खोलीत परतायला मागचे दारही होते. जी वस्तू प्रत्येक खोलीत हवी, उदाहरणार्थ घड्याळ, ती 'खिशात' ठेवता येई. एखादी खिडकी दाराबाहेर नेताना 'सामान' म्हणून बरोबर घेता येई. आणि सगळ्या खोल्या एका दृष्टिक्षेपात पाहता येतील असा आराखडाही होता. आजच्या संगणकांत यातले बरेच काही निराळ्या नावांनी नांदते आहे. लिनक्स वापरणाऱ्यांना ही मेजे फार पूर्वीपासून परिचित आहेत, ॲपलच्या संगणकांत ती २००७ साली आली आणि विंडोजमध्ये अंगभूत सोय म्हणून २०१५ साली, विंडोज १० बरोबर. निबंध छापून तोवर २९ वर्षे झाली होती!

विंडोजमधील कृती थोडक्यात सांगतो. विंडोजची कळ आणि टॅब एकदम दाबले की सगळ्या मेजांचा आराखडा दिसतो. विंडोज, कंट्रोल आणि डी या तीन कळांनी नवे मेज तयार होते. विंडोज व कंट्रोल धरून डावा-उजवा बाण दाबला की शेजारच्या मेजावर जाता येते, आणि एफ-४ दाबला तर समोरचे मेज मोडते. त्यावरील खिडक्या मात्र बंद होत नाहीत, शेजारच्या मेजावर जाऊन बसतात. आराखड्यात एखादी खिडकी ओढून दुसऱ्या मेजावर नेता येते. तिथेच उजवे बटण दाबून ती सर्व मेजांवर दिसावी असेही सांगता येते. हा झाला आपला खिसा. विंडोज ११ मध्ये प्रत्येक मेजाला नाव आणि वेगळे चित्रही देता येते. चित्र जरूर द्यावे. ते शोभेसाठी नव्हे, आपण कुठे बसलो आहोत हे नजरेला चटकन कळावे म्हणून.

कळा पाठ व्हायला एक दिवस लागला. मेजे कशी वाटावीत हे कळायला दोन महिने लागले, आणि खरा अभ्यासाचा भाग मला तोच वाटतो.

पहिल्या खेपेस मी साधनांप्रमाणे वाटणी केली: एका मेजावर सगळे ब्राउझर, दुसऱ्यावर सगळे लेखन, तिसऱ्यावर पुस्तके. दिसायला नीटनेटके, पण वापरायला निरुपयोगी. एक वाक्य लिहायला तीन मेजे ओलांडावी लागत, आणि मामांचा तक्ता माझ्या प्रकरणाशेजारीच बसलेला असे, कारण दोन्ही 'लेखन'च.

उत्तर मला रामकुंडावर मिळाले असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल, पण तिथे विचाराला दिशा मिळाली हे खरे. मावशींबरोबर तिथे गेलो असता उपाध्यायांनी पहिला प्रश्न विचारला, "आडनाव काय? मूळ गाव कोणते?" आणि नेमकी वही काढून आमच्या घराण्यातली नावे वाचून दाखवली. वह्यांची ती मांडणी कागदाच्या आकारावरून किंवा शाईच्या रंगावरून नसते. येणारा माणूस ज्या प्रश्नाने येतो त्याच प्रश्नाने ती लावलेली असते. संगणक उघडताना मी कोणता प्रश्न घेऊन येतो? "आता ब्राउझर वापरू" असा कधीच नाही. "प्रकरण पुढे न्यायचे आहे" किंवा "मामांचा फोन येईल" असाच येतो.

मग मेजे कामाप्रमाणे लावली: प्रबंध, बाग, अर्ज व कॉलेजची कामे, आणि गप्पा. गप्पांचे मेज म्हणजे माझी ओसरी. व्हॉट्सॲप व गाणी तिथे. ती बंद केलेली नाहीत, मी त्यांच्याकडे चालत जातो एवढेच. फक्त त्यांच्या सूचना बंद कराव्या लागल्या, कारण सूचना भिंती जुमानत नाहीत, कुठल्याही मेजावर डोके वर काढतात.

तरीही मूळ दुखणे उरलेच होते. प्रबंधाच्या मेजावर पुस्तक आणि मसुदा अजून शेजारीशेजारीच होते. तेव्हा कामाचेच दोन भाग केले आणि अर्ज व कॉलेजची कामे बागेच्या मेजावर हलवली. आता एका मेजावर वाचन: पुस्तके, खंड आणि टिपणांची फाइल. दुसऱ्यावर लेखन: मसुदा आणि तीच टिपणे. पुस्तक लेखनाच्या मेजावर कधीही उघडायचे नाही, हा नियम. पुस्तकातले वाक्य मसुद्यात यायचे तर ते आधी टिपणांत उतरते, आणि टिपणात अवतरणचिन्हे व पृष्ठांक घातल्याशिवाय मी वाचनाच्या मेजावरून उठत नाही. टिपणांची खिडकी सर्व मेजांवर दिसते, त्यामुळे बागेच्या तक्त्यावरही ती डोकावते. तेवढा उपद्रव मी पत्करला आहे.

इथे एक कबुली द्यायला हवी. नक्कल केलेला मजकूर सर्व मेजांवर सारखाच चिकटवता येतो, तेव्हा यंत्र मला अडवत नाही. अडवतो तो नियम. मेजे वेगळी असल्याने नियम मोडताना निदान दोन कळा दाबाव्या लागतात आणि भित्तिचित्र बदलते. माझ्यासारख्या आळशी माणसाला तेवढी अडचण पुरली.

मर्यादा आणखीही आहेत. पडद्याआडच्या खिडक्या चालूच असतात, त्यामुळे मेजे वाढवल्याने हळू चालणारा संगणक वेगाने चालू लागत नाही. दुवा दाबला की ब्राउझर कधीकधी तो भलत्याच मेजावरच्या खिडकीत उघडतो आणि आपल्यालाही तिकडे ओढून नेतो. मेजे चारांहून अधिक झाली की कुठे काय ठेवले ते मला तरी आठवत नाही. एका मित्राने नऊ केली आणि नवव्यावरचा अर्ज भरायची मुदत गेली. कॉलेजच्या संगणककक्षात तर विशेष जपावे. पडद्याआडचे मेज म्हणजे कुलूपबंद कपाट नव्हे. आपण उठून गेल्यावर पुढचा विद्यार्थी दोन कळांत आपले पत्र वाचू शकतो. तिथे लॉग-आउट करूनच उठावे.

संगणक बंद करून पुन्हा सुरू केला तर मेजांची नावे राहतात, पण त्यांवरच्या खिडक्या आपोआप पूर्वीसारख्या मांडल्या जातीलच असे नाही. यावर उपाय मी आपल्या विषयातूनच उचलला. पेशवे दप्तरातले कागद रुमालांत बांधून ठेवत, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको. काम निघाले की तेवढाच रुमाल सोडायचा. मीही आता उठण्यापूर्वी प्रत्येक मेजावरच्या मुख्य फाइलीच्या डोक्यावर एक ओळ लिहितो: कुठे थांबलो, पुढे काय, कोणते पुस्तक कितव्या पानावर.

दुसरे प्रकरण मी पुन्हा लिहिले. तो परिच्छेद त्यात अजून आहे, अवतरणचिन्हांत, लेखकाच्या नावासह. बाईंनी या खेपेस तिसऱ्या पानावर थांबून फक्त एक ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केला. लेखनाच्या मेजावर आज लिहिलेली ओळ अशी आहे: "प्रकरण तीन, पान ११ वर थांबलो. वृत्तपत्रांतील बातम्या वाचून झाल्या, टिपणे अपुरी."