रोज एक कोडे : सायबर सुरक्षेचा डिसेंबरातील अभ्यास

2021 सालच्या जानेवारी महिन्यात नांदेड शहरात एक मोठी चोरी उघडकीस आली. तीत कुलूप तुटले नव्हते, तिजोरी फुटली नव्हती, की रखवालदारास कोणी हात लावला नव्हता. शंकर नागरी सहकारी बँकेच्या, दुसऱ्या एका बँकेत असलेल्या खात्यातून चौदा कोटींहून अधिक रुपये संगणकाच्या द्वारे अनेक अनोळखी खात्यांत वळते झाले होते. त्यापूर्वी 2018 च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर असाच घाला पडला होता. 11 आणि 13 ऑगस्ट या दोन दिवसांत 94 कोटी 42 लाख रुपये गेले. बनावट कार्डांच्या साहाय्याने 28 देशांतील यंत्रांतून पैसे काढले गेले. पहिला दिवस शनिवारचा होता, ही गोष्टही ध्यानात घेण्याजोगी आहे. सुट्टीच्या तोंडावर पहारा सैल असतो, हे चोराला नेहमीच ठाऊक असते.

सहकारी बँकेतील पैसा हा शिक्षकांच्या भविष्याचा, शेतकऱ्याच्या ऊसबिलाचा, विधवेच्या ठेवीचा असतो. त्याची राखण करावयाची तर संगणकावरील संशयास्पद हालचाल ओळखणारी माणसे जिल्ह्याच्या ठिकाणीच असली पाहिजेत. प्रत्येक वेळी मुंबई-पुण्याहून तज्ज्ञ बोलावण्याइतकी सवड अशा प्रसंगी मिळत नाही. मग अशी माणसे घडवावयाची कशी? महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात सायबर सुरक्षा हा विषय आला आहे, पाठ्यपुस्तकेही आहेत. परंतु विहिरीच्या काठावर बसून पोहण्याचे नियम पाठ केले, तरी पाण्यात उतरल्यावाचून पोहणे येत नाही. या विषयाचेही तसेच आहे. उतरण्यासाठी सुरक्षित पाणी कोठे मिळेल, हाच काय तो प्रश्न होता. त्याचे एक चांगले उत्तर अलीकडच्या काळात एका सणाच्या निमित्ताने मिळाले आहे.

चोवीस खिडक्यांचे पंचांग

युरोपातील ख्रिस्ती कुटुंबांत, विशेषतः जर्मनीत, नाताळापूर्वीचे दिवस मोजण्याची एक जुनी रीत आहे. एकोणिसाव्या शतकात घराच्या दारावर खडूच्या रेघा ओढून मुले हे दिवस मोजीत. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याची छापील पंचांगे निघाली. जाड कागदावर चोवीस लहान खिडक्या असत. 1 डिसेंबरपासून रोज एक खिडकी उघडावयाची आणि आत दडलेले चित्र वा खाऊ पाहावयाचा. आपल्याकडे श्रावणात वाराप्रमाणे कहाणी वाचली जाते, नवरात्रात घटावर रोज एक माळ चढते. त्याच जातीची ही प्रथा होय. उद्याच्या खिडकीत काय असेल, ही उत्सुकता मुलाला दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच जागी आणून उभी करते.

शिक्षणासाठी या उत्सुकतेचा उपयोग संगणकतज्ज्ञांनी करून घेतला. 2015 पासून एरिक वास्टल यांनी आज्ञावली-लेखनाची रोजची कोडी डिसेंबरात प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. सुरक्षेच्या क्षेत्रात अमेरिकेतील सॅन्स ही संस्था नाताळच्या सुमारास एक कथारूप स्पर्धा विनामूल्य भरवीत आली आहे. तथापि नवशिक्याला सर्वांत सोयीचा उपक्रम म्हणजे ‘ॲडव्हेंट ऑफ सायबर’. 2018 साली स्थापन झालेल्या ट्रायहॅकमी या ब्रिटिश संस्थेने तो 2019 पासून दर डिसेंबरात चालविला आहे. रोज एक धडा, त्याला एक गोष्ट, आणि गोष्टीच्या अखेरीस सोडवावयाची काही कोडी. शुल्क नाही. पूर्वतयारीची अटही नाही. सरावासाठी लागणारे संगणक संस्थेच्याच यंत्रणेवर असतात आणि ते विद्यार्थ्यासमोर ब्राउझरमध्येच उघडतात. त्यामुळे महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील साधे जुने यंत्रही पुरते. फुकट वापरणाऱ्यास मात्र वेळेची मर्यादा पडते. पण रोजच्या धड्यास ती बहुधा पुरेशी असते.

कोड्यांत असते काय

वानगीदाखल 2024 सालचा उपक्रम घेऊ. त्यात वेअरव्हिल नावाचे एक काल्पनिक गाव होते. गावात सण येऊ घातलेला, तो मोडून काढू पाहणारा एक दुष्ट महापौर, आणि गावाची राखण करणारी मॅकस्किडी नावाची सुरक्षा अधिकारी. कथानक पोरकट वाटेल, आणि ते आहेही तसेच. परंतु त्याच्या आड दडलेले धडे पोरकट नाहीत.

पहिल्याच दिवशी गाणी उतरवून देणारे एक संकेतस्थळ समोर येते. तेथून मिळालेली धारिका दिसावयास गाण्याची. पण तपासणी केली असता ती गाणे नसून, उघडताच संगणकाकडून भलतेच काम करवून घेणारी एक आज्ञा निघते. धारिकेच्या नावावर विश्वास न ठेवता तिच्या पोटात काय आहे ते कसे पाहावे, हे विद्यार्थी येथे हाताने करून शिकतो. लग्नपत्रिका, वाहतूक दंडाची पावती किंवा पीएम किसान योजनेची यादी या नावाखाली व्हॉट्सॲपवर येणारे घातक ॲप महाराष्ट्रातील कित्येकांच्या खात्यावर बेतले आहे. युक्ती तीच, वेष निराळा.

दुसऱ्या दिवशीचा धडा नोंदी वाचण्याचा होता. कार्यालयातील आवक-जावक नोंदवहीप्रमाणे संगणकही आपली वही ठेवतो : कोण केव्हा आत आले, कोणाचा पासवर्ड चुकला, कोणती आज्ञा दिली गेली. इशारा वाजला म्हणजे हल्ला झालाच, असे नसते. खरा इशारा कोणता आणि पोकळ कोणता, हे नोंदींचा क्रम लावून ठरवावे लागते. या कोड्यात सकृद्दर्शनी घुसखोर वाटणारी व्यक्ती प्रत्यक्षात बिघाड दुरुस्त करीत होती असे निष्पन्न होते. घाईने निष्कर्ष काढणाऱ्यास हा धडा चांगलाच झोंबतो.

बाराव्या दिवसाचे कोडे सहकारी बँकांच्या संचालकांनीही एकदा पाहावे असे आहे. समजा, एका खात्यात दोन हजार रुपये शिल्लक आहेत. दोन खिडक्यांवरील दोन कारकून एकाच क्षणी खातेवही पाहतात, दोघांनाही दोन हजार दिसतात, आणि दोघेही दोन-दोन हजार देऊन टाकतात. पहिल्याने खर्च मांडण्यापूर्वीच दुसऱ्याने शिल्लक वाचली, हा दोष. कागदी वहीत असे सहसा घडत नाही, कारण वही एकच असते आणि ती एकाच हातात असते. संगणकावर मात्र सेकंदाच्या अल्पांशात पाठविलेल्या अनेक मागण्यांनी हीच फसगत करता येते. विद्यार्थी ती सरावाच्या बँकेवर स्वतः करून पाहतो, आणि त्यानंतर ती कशी टाळावी हेही वाचतो. हा दोष एकदा स्वतःच्या हाताने घडवून आणलेला विद्यार्थी पुढे एखाद्या पतसंस्थेची प्रणाली तयार करील, तेव्हा कुलूप लावण्यास विसरणार नाही.

तेविसाव्या दिवशी पासवर्ड फोडणे होते. प्रणालीत पासवर्ड जसाच्या तसा न ठेवता त्याचे सांकेतिक रूप ठेवतात. ते रूप हाती लागले म्हणजे हल्लेखोर लक्षावधी प्रचलित शब्दांची यादी घेऊन एकेकाचे सांकेतिक रूप ताडून पाहतो. गावाचे नाव आणि पुढे सन, किंवा मुलाचे नाव आणि जन्मसाल, असा पासवर्ड किती क्षणांत उघडतो हे पडद्यावर पाहिले म्हणजे परिपत्रकाची गरज उरत नाही.

सराव कोठे संपतो

येथे शिक्षकांनी एक गोष्ट पहिल्याच दिवशी स्पष्ट केली पाहिजे. ही कोडी सोडविण्यासाठी जे संगणक दिलेले असतात ते त्यासाठीच उभे केलेले असतात. तेथे शिरण्याची अनुज्ञा असते. तीच युक्ती महाविद्यालयाच्या निकालाच्या संगणकावर किंवा शेजाऱ्याच्या वायफायवर वापरली तर तो गुन्हा ठरतो. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 च्या कलम 43 अन्वये विनापरवाना प्रवेश हेच उल्लंघन असून, तो अप्रामाणिक वा कपटी हेतूने केल्यास कलम 66 अन्वये तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. ‘केवळ पाहत होतो’ हा बचाव अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला पुरेसा वाटतो. कायद्याला तो तसा वाटेलच असे नाही. एखाद्या शासकीय संकेतस्थळात खरोखरीच त्रुटी आढळली तर ती चाचपून पाहण्याऐवजी सर्ट-इन या राष्ट्रीय यंत्रणेस कळविणे, हा योग्य मार्ग होय.

नांदेड-लातूरची जोडणी

या दोन जिल्ह्यांत असा अभ्यास चालविण्यास लागणारे साहित्य आज उपलब्ध आहे. नांदेडजवळ विष्णुपुरी येथे 1981 पासून श्री गुरु गोविंदसिंघजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था आहे. 1994 साली स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ नांदेडला असून लातूरला त्याचे उपकेंद्र आहे. दोन्ही ठिकाणी शासकीय तंत्रनिकेतने आहेत. उणीव असेल तर ती वेळेची आणि भाषेची.

वेळेची अडचण खरी आहे. डिसेंबर हा हिवाळी सत्राच्या परीक्षांचा काळ. त्यातच काही वर्षी मार्गशीर्षातील वेळ अमावास्या येते. त्या दिवशी लातूर जिल्हा आणि नांदेडचा बराच भाग शेतावर असतो, आणि भज्जी व आंबील सोडून कोणी कोड्यापाशी बसणार नाही, बसूही नये. चोवीस दिवस अखंड हजेरीचा आग्रह धरण्यात म्हणूनच अर्थ नाही. तीन-तीन विद्यार्थ्यांनी एका यंत्रावर रोज संध्याकाळी अर्धा-पाऊण तास द्यावा आणि चुकलेला दिवस रविवारी भरून काढावा, एवढे पुरे.

भाषेची अडचण अधिक खोल आहे. धडे इंग्रजीत असतात, आणि मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी तंत्रापेक्षा वाक्यातच अडखळतो. यावर उपाय साधा आहे : रोजच्या कोड्याचे टिपण मराठीत लिहावयाचे. काय दिसले, कशाचा संशय आला, कोणती आज्ञा दिली, कोठे चुकले. ज्याला ‘लॉग’ म्हणजे काय हे आपल्या आईला समजेल अशा शब्दांत लिहिता आले, त्याला तो कळला असे समजावे. चोवीस दिवसांची अशी वही पुढील वर्षाच्या विद्यार्थ्यांना कोणत्याही भाषांतरित पुस्तकापेक्षा अधिक उपयोगी पडेल.

दहावी-बारावीच्या गुणवत्ता याद्यांमुळे ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द राज्यभर झाला. प्रश्नपत्रिकांचा अथक सराव हे त्याचे एक बळ होते. ती चिकाटी येथेही कामास येईल, परंतु एक फरक आहे. पाठ केलेले उत्तर या विषयात उपयोगी पडत नाही, कारण उद्याचा हल्लेखोर प्रश्न बदलून येतो. शिवाय प्रत्येक दिवसाच्या कोड्याची उकल दुसऱ्या दिवसापर्यंत चित्रफितींतून सर्वत्र मिळू लागते. ती पाहून उत्तरे भरली तरी अखेरीस प्रमाणपत्र मिळतेच. ज्या महाविद्यालयाच्या भिंतीवर अशी प्रमाणपत्रे झळकतील त्याने वहीही मागावी.

पंचायतीच्या टेबलावर

हा विषय अभियंत्यांचाच आहे असे पंचायत सदस्यांना वाटण्याचा संभव आहे. 15 व्या वित्त आयोगाच्या निधीचे व्यवहार ग्रामपंचायती ई-ग्रामस्वराज प्रणालीद्वारे करू लागल्या आणि सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी यांच्या डिजिटल स्वाक्षरीवर रक्कम देण्याची पद्धत आली. ती स्वाक्षरी बोटभर लांबीच्या एका उपकरणात असते. ते उपकरण संगणक परिचालकाच्या खणात आणि त्याचा पासवर्ड पडद्याच्या कडेला चिकटविलेल्या चिठ्ठीवर असेल, तर सरपंचाने कोऱ्या धनादेशावर सह्या करून ठेवल्यासारखेच झाले. याला हॅकर लागत नाही.

तंत्रनिकेतनातील जे विद्यार्थी डिसेंबरभर कोडी सोडवतील त्यांना जानेवारीत एखाद्या ग्रामपंचायतीत, सरपंचांच्या संमतीने, तासभर नेता येईल. तेविसाव्या दिवसाचे पासवर्डचे प्रात्यक्षिक त्यांनी सरावाच्या यंत्रावर तेथे करून दाखवावे. सदस्यांनी त्यांना विचारावयाचे प्रश्न थोडे आहेत : उपकरण कोणाकडे राहते, पासवर्ड केव्हा बदलला, परिचालक बदलला तेव्हा काय केले. पैसे गेल्याचे लक्षात येताच 1930 या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तत्काळ कळवावयाचे, हेही त्याच तासात सांगता येईल. पहिल्या काही तासांत कळविल्यास रक्कम पुढच्या खात्यात गोठविता येण्याची शक्यता अधिक असते. कार्यालये व संस्थांवर आणखी एक बंधन आहे. सर्ट-इनच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशानुसार विहित प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत त्या यंत्रणेस कळवावयाच्या असतात, आणि हा नियम शासकीय संस्थांनाही लागू आहे.

मागील वर्षांची कोडी डिसेंबर सरल्यावरही सरावासाठी खुली राहतात. हिवाळी परीक्षेमुळे ज्यांना तेव्हा वेळ मिळणार नाही त्यांनी ती उन्हाळी सुट्टीत, पहिल्या दिवसाच्या गाण्याच्या धारिकेपासून, सुरू करावीत.