प्रश्न विचारणं हेही वाणीचं तप

आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय 17, श्लोक 15



आजच्या श्लोकात भगवंत वाणीचं तप सांगतात. ऐकणाऱ्याच्या मनात उद्वेग न आणणारं, खरं, प्रिय आणि हिताचं बोलणं, सोबत स्वाध्याय. हा श्लोक आपण 'काय बोलावं' यासाठी वाचतो. आज 'कसं विचारावं' यासाठी वाचूया. कारण माणूस नुसत्या प्रश्नानेही दुखावतो.

आमच्या चंद्रपूरला लागून असलेल्या गडचिरोलीचं उदाहरण घ्या. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या 650 स्त्रियांचा अभ्यास केला. तो 1989 मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग निघाले, पण त्यासाठी आधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. म्हणजे दुखणं घरोघरी होतं आणि त्याबद्दल बोलणं जवळजवळ कुठेच नव्हतं.

आता विचार करा, अशा बाईला कुणी विचारलं, "इतके दिवस डॉक्टरकडे का गेला नाहीत?" तर ती गप्प बसेल, कारण त्या 'का'मध्ये आरोप आहे. तेच "डॉक्टरकडे जायला काय अडचण येते?" असं विचारलं तर ती बोलू शकते. माहिती दोन्हीकडे तीच मागितली आहे. पहिल्या प्रश्नात मात्र तिला आधी स्वतःचा बचाव करावा लागतो.

बंग दांपत्याने आदिवासींना विचारलं होतं, तुम्हाला दवाखाना कसा हवा? उत्तरं आली : मोठ्या इमारतीची भीती वाटते, पांढरे कपडे पाहून प्रेताचं कापड आठवतं, आजाऱ्याजवळ घरच्यांना राहू द्या. मग शोधग्रामात झोपड्यांसारखा दवाखाना उभा राहिला आणि त्याला नाव मिळालं माँ दंतेश्वरीचं. "तुम्ही दवाखान्यात का येत नाही?" असं दरडावून विचारलं असतं, तर हे कुणी सांगितलं असतं का?

गीतेतही एक नाजूक प्रश्न आहे. तिसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या श्लोकात अर्जुनाची तक्रार चांगलीच कडक आहे : तू मला गोंधळात टाकतोयस. पण त्या श्लोकात 'इव' हा शब्द दोनदा येतो. इव म्हणजे जणू. तू गोंधळवतोस असं नाही, मला तसं जणू वाटतंय. शंका पूर्ण मांडली, पण दोष देवावर टाकला नाही. आणि भगवंतही न रागावता लगेच उत्तर देतात.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांची समजूत असते की क्वेरी बरोबर लिहिली की डेटा येणारच. माणसाचं तसं नाही. तो आधी विचारणाऱ्याकडे बघतो, मग प्रश्नाकडे. म्हणून गोड शब्द पुरेसे नाहीत. "लग्नाला चार वर्षं झाली ना, मग काही गुड न्यूज?" हे हसत विचारलं तरी टोचतंच. जात काढायला "आडनाव काय?" विचारलं, तर शब्द साधे असूनही हेतू लपत नाही. इथे श्लोकातला 'हित' हा शब्द कामाला येतो.

उलट, उद्वेग नको म्हणून विचारायचंच नाही, हेही तप नव्हे. त्या 92 टक्के स्त्रियांना आणखी एका गप्प माणसाची गरज नव्हती.

आजचा अभ्यास : एखादा नाजूक प्रश्न विचारण्याआधी तीन गोष्टी तपासा.
1. हे उत्तर मला कशासाठी हवंय, त्यांच्या हितासाठी की माझ्या कुतूहलासाठी?
2. प्रश्नात आरोप आहे का? असेल तर 'का'च्या जागी 'काय' किंवा 'कसं' घालून बघा.
3. "नाही सांगायचं" म्हणायची मोकळीक त्यांना आहे का?

तिन्हीला मन हो म्हणालं, तर जरूर विचारा. आणि मग उत्तर संपेपर्यंत मध्ये बोलू नका.

राम कृष्ण हरी!