वसमत रोडचा वारा

परभणीत नव्याने सायकलीला लागलेल्या माणसाला पहिली थाप मारतो तो वारा. ज्येष्ठ-आषाढात तो पश्चिमेकडून सुटतो. आपला राष्ट्रीय महामार्ग ६१ पाथरी-मानवतकडून येऊन वसमतकडे जातो, म्हणजे जवळजवळ सरळ पश्चिम-पूर्व. वसमत रोडवर काळी कमान मागे पडली की वारा पाठीशी येतो आणि मीटरवर ३०चा आकडा दिसू लागतो. तो आकडा आपल्या पायांचा, असं कुणालाही वाटावं. मलाही वाटलं. परतताना तोच वारा छातीवर घेतला की १३-१४ सुद्धा जड. मग आकडा टिकवण्यासाठी मागची सगळ्यात लहान चकती लावायची आणि उभं राहून पायडल दाबत सुटायचं. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ म्हणतात, तसा सगळा कारभार. गुडघ्याच्या वाटीखाली आधी ठणका, मग जिना चढताना कळ. डॉक्टरांनी सायकल बंद करायला सांगितली आणि तो पावसाळा घरात गेला.

त्या रिकाम्या दिवसांत वाचलं, अनुभवी सायकलवाल्यांना विचारलं. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो कापायला लागणारी ताकद घनाने. म्हणजे २० वरून २५ वर जायचं, तर केवळ हवेसाठी जवळपास दुप्पट जोर हवा. नवशिक्याने ही पाचची उडी एका महिन्यात मागू नये. कोपरं किंचित वाकवून अंग खाली घेतलं, फडफडणारा शर्ट बदलला, तरी थोडा वेग फुकटात मिळतो.

खरी मेख पायडलच्या फेऱ्यांत आहे. जड गिअरवर मिनिटाला ५०-५५ फेऱ्या मारणाऱ्याच्या प्रत्येक फेरीचा भार गुडघ्यावर येतो. हलक्या गिअरवर ८०-९० मारणारा तोच वेग गाठतो, पण भार दम-छातीवर जातो, आणि छाती गुडघ्यापेक्षा लवकर सावरते. मोजायला यंत्र नको. घड्याळ बघून अर्धा मिनिट उजवा गुडघा किती वेळा वर आला ते मोजा; ४०-४५ भरले की बरोबर. सुरुवातीला पाय हवेत फिरल्यासारखे वाटतात, सीटवर अंग उडतं. पंधरा-वीस दिवसांत ते बसतं. आपला मुलूख सपाट आहे. घाट चढायचा तर गंगाखेडच्या पुढे बालाघाटाकडे किंवा जिंतूरच्या डोंगराकडे जावं लागतं. याची खंत करू नका, कारण सपाट रस्त्यावर उतार नसतो, पाय सतत फिरते ठेवावेच लागतात.

सीट हा दुसरा मुद्दा. ‘पाय जमिनीला टेकले पाहिजेत’ म्हणून दुकानात ती खाली बसवून देतात. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा आणि पायडल सगळ्यात खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवून चालवताना गुडघ्यात हवा तेवढा बाक राहतो. गुडघा पुढून दुखला तर बहुधा सीट खाली आहे, मागून दुखला तर वर. टायरमधली हवा बोटाने दाबून ओळखता येत नाही. टायरच्या कडेला आकडा छापलेला असतो, तो बघून आठवड्यातून एकदा भरा. काळ्या मातीवरून आल्यावर चेन पुसा, मगच तेल घाला, नाहीतर तेल आणि माती मिळून दात्यांना कानस लावतात.

रोज जोर काढू नका. आठवड्यातले बरेचसे दिवस बोलता येईल अशा दमाने चालवावं, एखाद्या दिवशी तीन-चार मिनिटांचे जोरदार तुकडे, मध्ये तेवढाच आराम. लांब पल्ल्यालाही फार वेग लागत नाही. ब्रेव्हे म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांबची सायकलफेरी; २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे चहा, जेवण, पंक्चर धरून ताशी १५ पुरते. नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी २०१७ मध्ये ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ एकट्याने पुरी केली. सुमारे ४८०० किलोमीटर, मुदत १२ दिवसांची. भागाकार करा: झोप धरून ताशी १७ सुद्धा भरत नाही. माझ्या मते नवशिक्याचा निम्मा वेग चहाच्या टपरीवरच सांडतो.

प्रगती बघायची तर महिन्यातून एकदा त्याच रस्त्याने जाऊन यावं आणि दोन्ही बाजूंची मिळून सरासरी काढावी. पावसाळ्यात आधी मानवतकडे, वाऱ्याच्या तोंडावर निघा. थकल्यावर वारा घरी आणून सोडतो.

आणि एक. गळिताच्या हंगामात पहाटे उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात, कित्येकींना मागे दिवा नसतो. त्यांच्या आडोशाला वारा लागत नाही म्हणून पोरं मागे चिकटतात, कुणी साखळी धरून ओढून घेतं. ट्रॉलीवाल्याने ब्रेक मारला तर थांबायला जागा उरत नाही. अंतर ठेवा, आणि आपला मागचा लाल दिवा उजाडल्यावरही चालू राहू द्या.