खड्डा बघून मशीन घेऊ नकोस

ठेकेदारीचं रजिस्ट्रेशन झालं, पहिली वर्क ऑर्डरही हातात आली आणि आता माहितीपत्रकांचा गठ्ठा घेऊन काकाकडं आलास. बरं केलंस. बस, चहा घे. पण तो गठ्ठा उघडायच्या आधी आपल्या महाळुंग्यातून एक चक्कर मारून ये.

राधा चौकातून आत शिरलास की डांबर लागतं. मग कुठं काँक्रीटचा पट्टा, सोसायट्यांच्या दारात पेव्हर ब्लॉक आणि गावठाणात डंपर वळणार नाही अशा बोळी. 30 जून 2021ला गाव पुणे महापालिकेत गेलं. मोठ्या इमारती आधीच आल्या होत्या. जिथं बांधकाम तिथं पाइप आणि केबल, आणि तिथं खोदाई आलीच. म्हणजे तुझ्याकडं येणारं काम एका जातीचं नसणार. जुलैत पाण्यानं भरलेला खड्डा, डिसेंबरात केबलवाल्यानं उकरलेला चर, मे महिन्यात एखाद्या सोसायटीचा उखडलेला अंतर्गत रस्ता. या तिन्ही ठिकाणी चालेल ते मशीन विकत घे. एकाच ठिकाणी चालणारं भाड्यानं आण.

पहिले पैसे कटरवर घाल. खड्डा वाकडातिकडा असला तरी दुरुस्ती चौकोनी करायची, कडा सरळ उभ्या कापायच्या आणि टणक थर लागेपर्यंत खाली जायचं. पसरट कडेला घातलेला माल पातळ पडतो आणि पहिल्याच पावसात चाकाबरोबर निघून जातो. 14 इंची ब्लेडचा कटर डांबरही कापतो आणि काँक्रीटही, फक्त ब्लेड बदलायची. काँक्रीटची ब्लेड डांबरावर चालवलीस तर ती बघता बघता झिजेल. दोन्ही ब्लेडी वेगळ्या खोक्यांत ठेव आणि खोक्यांवर मोठ्या अक्षरात लिही, कारण घाईच्या वेळी मुकादम हाताला लागेल ती चढवतो.

दुसरा नंबर प्लेट कॉम्पॅक्टरचा. साधारण 90-100 किलोचा घे, म्हणजे माणसांना उचलून छोट्या हत्तीत टाकता येईल. पाण्याची टाकी असलेलाच बघ. गरम माल प्लेटला चिकटू नये म्हणून पाणी लागतं. टाकी नसली की पोरं प्लेटला आणि फावड्याला डिझेल फासतात आणि डिझेलनं डांबर विरघळतं. दाबलेला तुकडा वरून छान चकचकीत दिसतो, पण महिन्याभरात त्याची खडी सुटते. खाली रबर पॅड लावलास की हाच कॉम्पॅक्टर पेव्हर ब्लॉकवर चालतो, ब्लॉकचे कोपरे फुटत नाहीत. चरातल्या काळ्या मातीवर मात्र तो नुसता वरवर थोपटतो. तिथं अर्थ रॅमर लागतो आणि मातीही 15-20 सेंटिमीटरच्या थरांनीच दाबावी लागते. चर खचला की लोक डांबराला शिव्या देतात, खरा दोष खालच्या भरावात असतो.

आता माहितीपत्रकात कुणी छापत नाही ती गोष्ट. कटर, कॉम्पॅक्टर आणि रॅमर एकाच कंपनीच्या इंजिनवर चालणारे बघ, जमलं तर इंजिनचं मॉडेलही एकच. रॅमरचं इंजिन वेगळं निघालं तर चालवून घे, पण निदान इंधन सगळ्यांना एकच असू दे. इंजिन एकच असलं की ओढायची दोरी, एअर फिल्टर आणि स्पार्क प्लग एकमेकांना चालतात. भर कामात दोरी तुटली आणि नवी आणायला माणूस नाना पेठेत धाडला, तर परत येईपर्यंत तुझा गरम माल थंड होऊन बसेल.

गरम मालाचं म्हणशील तर व्हीजी-30 डांबराचा माल अंथरताना 140 अंशांच्या खाली नको आणि दाबून संपेपर्यंत 90च्या खाली जाता कामा नये. खुपसून बघायचा थर्मामीटर तुझ्या खिशातच हवा. मालाला हात लावून अंदाज सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नकोस. त्यात हिंजवडीकडची संध्याकाळची गर्दी तुला माहीत आहेच, तिच्यात अडकलेला माल वाटेतच थंड होतो. शिवाय हिशेब बघ. मीटर बाय मीटर, 5 सेंटिमीटर खोल खड्ड्याला साधारण 115 किलो माल लागतो. असे दहा खड्डे भरलेस तरी जेमतेम सव्वा टन. त्यासाठी दहा टनांचा डंपर आणून उरलेला माल कुठं टाकणार? अशा कामाला माल गरम ठेवणारा हॉट बॉक्स बरा, पण तो थर्मोस्टॅटवालाच. बर्नर नुसता पेटत राहिला तर डांबर जळून ठिसूळ होतं. आणि टनभर मालाचा बॉक्स छोट्या हत्तीवर चढवू नकोस, त्याला मोठा पिकअपच लागतो.

पावसाळ्यात हॉटमिक्सचा हट्ट सोड. पिशवीतल्या तयार कोल्डमिक्ससाठी इंडियन रोड्स काँग्रेसचं आयआरसी 116 हे मानक आहे. पुरवठादाराकडं त्याचा टेस्ट रिपोर्ट माग. वरच्या मापाच्या खड्ड्याला 25 किलोच्या चार-पाच पिशव्या लागतात. खड्ड्यातलं पाणी आणि चिखल तिथंही काढायचाच.

नवा माल जुन्या थराला चिकटावा म्हणून आधी मारायच्या टॅक कोटला घाई नको. इमल्शन मारलं की तपकिरी दिसतं. ते पूर्ण काळं झालं की पाणी सुटलं असं समज, मगच माल टाक. यासाठी महागडा स्प्रेअर लागत नाही, पाठीवरचा पंप चालतो. फक्त संध्याकाळी तो न विसरता धुवायचा.

बॉबकॅट लोडरला मिलिंग ड्रम लावून दाखवणारा विक्रेता भेटेल. ड्रम बसतो, पण त्याला लागणारा तेलाचा प्रवाह साध्या मॉडेलच्या हायड्रॉलिकला झेपेलच असं नाही. तो आधी विचार, जमल्यास चालवून बघ. इन्फ्रारेड हीटर, फवाऱ्यानं खड्डे भरणारी जेटपॅचर गाडी, ही यंत्रं वाईट नाहीत, पण त्यांना वर्षभर पुरेल एवढं काम एका हाती लागतं. तुझ्याकडं ते नाही. आणि हमीचं विसरू नकोस. पुण्यातला जंगली महाराज रस्ता 1976 साली रेकॉन्डो कंपनीनं 10 वर्षांच्या हमीवर करून दिला. तुझ्याही वर्क ऑर्डरमध्ये दोषदायित्वाची मुदत असेल. तेवढा काळ उखडलेला प्रत्येक तुकडा तुझ्या खर्चानं भरायचा आहे, ते कलम नीट वाच.

तेव्हा सध्या कटर आणि प्लेट कॉम्पॅक्टर घे, काळ्या मातीतली चराची कामं हातात असतील तर रॅमर. बेबी रोलर आणि ब्रेकर भाड्यानं आण. हॉट बॉक्सचं पुढच्या मार्चअखेर वर्षाची बिलं समोर ठेवून ठरवू.