सिक्युरिटी क्लिअरन्स : भारतातली नाती लपवू नका, नोंदवून ठेवा

मेरीलँड-व्हर्जिनियात संरक्षण खात्याशी जोडलेल्या नोकऱ्या पुष्कळ आहेत. जाहिरातीत क्लिअरन्सची, म्हणजे गोपनीय माहिती हाताळायच्या सरकारी परवानगीची अट दिसली, की नवी मंडळी घाबरतात : आईबाबा पुण्यात, मग आपल्याला कोण देणार? इथे रुळलेल्या मराठी कुटुंबांचं सांगणं असं, की भारतातल्या नात्यांमुळे क्लिअरन्स आपोआप नाकारला जात नाही. माहिती दडवली, तर मात्र अडचण होते.

आधी नागरिकत्व
ग्रीन कार्डावर क्लिअरन्स मिळत नाही. अमेरिकन नागरिकत्व लागतं. ते मिळालं की भारतीय पासपोर्ट जमा करा आणि त्याचा दाखला जपा. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड म्हणजे भारताचं नागरिकत्व नव्हे, तरी चौकशीत त्याची माहिती मोकळेपणाने द्या.

काय पाहतात?
2017 पासून सर्व खात्यांना 13 समान निकष लागू आहेत. देशनिष्ठा, परकीय प्रभाव आणि परकीय देशाला झुकतं माप हे त्यांतले तीन वेगळे निकष. आपल्याला बहुधा परकीय प्रभावाबद्दल विचारतात : तिकडच्या नातलगांवर दबाव आणून तुम्हाला कोंडीत पकडता येईल का? म्हणून भाऊ लष्करात किंवा काका डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेत असतील, तर प्रश्न वाढतात. त्याच वेळी इथलं घर, मुलंबाळं, नोकरी, बचत यांचंही वजन धरतात. तरीही शंका उरली, तर निर्णय राष्ट्रीय सुरक्षेच्या बाजूने जातो.

आजपासून वही ठेवा
एसएफ-86 हा क्लिअरन्ससाठीचा अर्ज लांबलचक असतो. त्यासाठी हे लिहून ठेवा :
- मागच्या 7 वर्षांतले परदेश प्रवास, तारखांसह
- ज्यांच्याशी जवळचा संबंध आहे, अशा परदेशी नागरिकांची नावं, पत्ते, व्यवसाय
- भारतातली खाती, ठेवी, फ्लॅट, शेती; वडिलांच्या पश्चात सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लागलं आहे का, तेही तपासा
- आईवडिलांना पाठवलेले पैसे

जाणूनबुजून खोटं लिहिणं हा संघीय गुन्हा आहे. त्याला 5 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

नकाराची नोटीस आली तर
संरक्षण कंत्राटदाराच्या कर्मचाऱ्याला कारणं लेखी कळवतात आणि उत्तराला 20 दिवस देतात. त्याच दिवशी या विषयातला वकील गाठा.

क्लिअरन्स मिळाल्यानंतर
गणपतीला गावी जायचं असलं, तरी आधी कंपनीच्या सुरक्षा अधिकाऱ्याला कळवा. आईबाबांशी बोलणं मात्र तोडू नका. तसं करायला कुणीही सांगत नाही.