अडलेल्या काडतुसाविषयी भाचीस



तुझं पत्र पोचलं. क्लबातली ती जुनी ब्रनो टू-टू रायफल पाचातली एखादी गोळी हटकून अडवते, रिकामी पुंगळी कधी उडते, कधी आतच लोळते, आणि म्हणून एक्स्ट्रॅक्टरला जरा कानस मारून बघावी असं तुझ्या मनात आहे. कानस आधी बाजूला ठेव. घासलेलं पोलाद परत येत नाही आणि त्या रायफलीचे सुटे भाग आता सहज मिळतही नाहीत. शिवाय १९५९च्या शस्त्र कायद्यात शस्त्रदुरुस्तीचा परवाना वेगळा असतो, तो तुझ्याकडे नाही. साफसफाई, निरीक्षण आणि वहीत नोंद एवढं तुझं काम. धातूला हात लावायचा तो परवानाधारक आर्मररने.

आता मुळापासून. ‘टू-टू’चं लाँग रायफल काडतूस १८८७ सालचं. पेटणारं रसायन पुंगळीच्या बुडाला मधोमध नाही, सभोवतालच्या दुमडलेल्या कडेत भरलेलं असतं. म्हणून पुंगळीचा पत्रा पातळ आणि मऊ ठेवावा लागतो. पुंगळीचा व्यास साधारण ५.७ मिलिमीटर, कडेचा सुमारे ७. म्हणजे एक्स्ट्रॅक्टरच्या नखाला पकडायला एका बाजूला पाऊण मिलिमीटरसुद्धा मिळत नाही. तेवढ्यात काजळी बसली की नख वर उचललं जातं आणि कड सटकते. दुसरी गोष्ट, ह्या काडतुसाची शिशाची गोळी पुंगळीइतकीच जाड असते आणि तिचं मेण बाहेर उघडं असतं. ते मेण, जळक्या दारूची भुकटी आणि शिशाचा कीस मिळून जो चिकटा होतो तो मॅगझिनमध्ये, चेंबरच्या तोंडाशी, बोल्टच्या खाचेत जाऊन बसतो. मे महिन्यात मेण मऊ पडलं की जास्तच. माझ्याकडे ‘बिघडली’ म्हणून आलेल्या टू-टूंपैकी बहुतेक नुसत्या मळलेल्या होत्या.

पण तू लिहिलंस ते दोन वेगळे आजार आहेत, एकत्र करू नकोस. गोळी आत जाताना अडते ते एक, पुंगळी बाहेर येत नाही ते दुसरं.

पहिल्यासाठी एक सोपी परीक्षा. पन्नास मीटरच्या स्पर्धेत मॅगझिन नसतंच, प्रत्येक गोळी हाताने भरायची. पॅरिसला २०२४मध्ये आपल्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने कांस्य घेतलं ते असंच, एकेक भरून. तूही रेंजवर, नळी लक्ष्याकडे ठेवून, काही गोळ्या हाताने चेंबरमध्ये सरकवून मार. सगळ्या सुरळीत बसल्या तर रायफल सुटली, संशयित मॅगझिन. हातानेही अडल्या तर चेंबर बघ.

मॅगझिन भरायची पण एक रीत आहे. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेपुढे यायला हवी, कौलं चढवताना एकावर एक ठरावीक बाजूनेच बसवतो तशी. उलट बसली की वरचं काडतूस पुढे जाताना मागची कड खालच्यात अडकते आणि बोल्ट ढकलून काही उपयोग होत नाही. भरताना प्रत्येक राउंड मागच्या भिंतीला टेकवायच्या नादात मुलं हीच चूक करतात. मॅगझिनचे ओठ फाकले असतील तर गोळीचं नाक वर उसळून चेंबरच्या वरच्या काठावर आपटतं. स्प्रिंग थकली किंवा आत चिकटा असेल तर नाक खाली जातं. अडलेलं काडतूस काढल्यावर शिशावर ओरखडा कुठल्या बाजूला आहे ते बघून वहीत चित्र काढ. मॅगझिनवर खुणेचा ठिपका दे. दोन मॅगझिनं असतील आणि अडणं एकाचंच असेल तर बाकी सगळा तपास वाचला. ओठ पकडीने वाकवायचे नाहीत. केसभर जास्त वाकले की दुसराच आजार सुरू होतो.

आता पुंगळी. चेंबरमध्येच राहिली तर दोष पकडीचा. ओढून आणली पण उडाली नाही तर दोष इजेक्टरचा किंवा तुझ्या हाताचा. राग मानू नकोस. बोल्टच्या रायफलीत इजेक्टर म्हणजे बहुधा एक स्थिर पाती, बोल्ट पूर्ण मागे आल्यावर पुंगळी तिच्यावर आदळते. बोल्ट भीतभीत, अर्धवट ओढला तर ती आदळणार कशी? शेवटपर्यंत, एका दमात ओढ. नव्या नेमबाजांचं निम्मं इजेक्शन एवढ्यानेच सुधारतं, हे माझं मत आहे आणि ते बदलायचं कारण मला अजून सापडलेलं नाही.

पकड तपासायची तर बोल्ट काढून रिकामी पुंगळी नखाखाली अडकव आणि हलकं हलव. धरून राहिली तर स्प्रिंग ठीक. जिवंत काडतुसावर ही परीक्षा कधीही नाही. नखाखालची काजळी लाकडी दातकोरणीने काढ, जुन्या दातांच्या ब्रशने बोल्टचं तोंड घास. चेंबरला ब्राँझचा ब्रश, मग चिंधी, आणि सळई मागच्या बाजूने, कारण नळीचं तोंड झिजलं की नेम गेला. तेल नावापुरतं, चेंबर कोरडं. आणि हात धुतल्याशिवाय जेवणाच्या डब्याला हात नाही, शिसं पोटात जातं.

इतकं करूनही पुंगळी घट्ट बसत असेल तर चेंबरचा काठ भिंगाने बघ. रिकाम्या रायफलीचा चाप ओढत राहायची सवय क्लबात कुणाला तरी असतेच. जुन्या टू-टूत आत काडतूस नसलं की फायरिंग पिन काठावरच आपटते, तिथे खड्डा पडतो आणि धातू आत सरकतो. मग काडतूस बसायलाही त्रास, निघायलाही. आर्मरर खास पोलादी अवजाराने तो धातू दाबून मागे सारतो, घासत नाही.

एक गोष्ट कायम. चाप ओढला आणि बार झाला नाही तर रायफल लक्ष्याकडेच धरून तीस सेकंद थांब, रेंज ऑफिसरला सांग, मगच बोल्ट उघड. आणि जिवंत राउंड आत रुतला तर स्क्रू-ड्रायव्हरने कड उचकटू नकोस, पुढून सळईने ठोकू नकोस. पेटणारं सगळं त्या कडेतच आहे. अशा वेळी रायफल रेंज ऑफिसरच्या हवाली कर.

एका वेळी एकच गोष्ट बदल: आधी सफाई, मग दुसरं मॅगझिन, मग वेगळ्या बनावटीची काडतुसं. तिन्ही एकदम बदललीस तर कशाने बरं झालं ते कधीच कळणार नाही. पुढच्या पत्रात अडलेल्या गोळ्यांच्या ओरखड्यांची चित्रं धाड, आणि पुंगळ्या कुठे पडतात तेही लिही. दुरुस्तीचं ठरलं तर रायफल क्लबाच्या परवान्यावर क्लबानेच न्यायला हवी, तेव्हा सेक्रेटरींना आधी विचार.

तुझा,
मामा